चिंचोक्यांची वरात

बालवाडीत मी नवीनच शिकवायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. मोजायला शिकवायचे म्हणून मुलांपुढे चिंचोके ठेवले होते. एका चिमुरडीने ते एकामागे एक मांडले, मध्ये कुठूनसा आणलेला शिंपला ठेवला आणि स्वतःशीच पुटपुटत बसली. मी विचारले, ‘‘किती झाले गं?’’ ती म्हणाली, ‘‘बाई, ही वरात हाय. नवरी शिंपल्यात बसलीया.’’ मी म्हटले, ‘‘ ‘हाय’ नाही, ‘आहे’ म्हणावं. आणि वरात नको, आकडा सांग.’’

तिने चिंचोके ढकलून दिले. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत ती वर्गात क्वचितच बोलली. एका दमात मी तिची भाषाही मोडली होती आणि गोष्टही.

ही चूक मला उमगली ती पुढे आपल्याकडच्या बालशिक्षणाचा इतिहास वाचताना. मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. मूल हातांनी शिकते, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. त्यांची साधने मोठी काटेकोर. गुलाबी मनोऱ्याचे दहा लाकडी ठोकळे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जातात. पण प्रत्येक साधनाचे काम ठरलेले. ठोकळ्याची आगगाडी करणे त्यात बसत नसे, आणि लहानग्यांना पऱ्यांच्या कल्पित कथा सांगणेही मॉन्टेसरीबाईंना फारसे पसंत नव्हते.

भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी ही पद्धत मनापासून स्वीकारली, पण तिला आपल्या मातीचे वळण दिले. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या या माणसाने 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले आणि त्यात गोष्टीला मानाचे पान दिले. लोककथा, नाट्य, गाणी यांनी बालमंदिर गजबजले. गोष्ट कशी सांगावी यावर त्यांनी गुजरातीत पुस्तकही लिहिले. त्यांच्याच सोबत काम करून तारাबाई मोडक महाराष्ट्रात आल्या आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

पण शहरातली ही साधने खेड्याला परवडणार कशी? हा प्रश्न घेऊन ताराबाई 1945 मध्ये बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे 1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आसपास वारल्यांचे पाडे. मुले गुरे राखणारी, धाकटी भावंडे सांभाळणारी. ती शाळेत येईनात, म्हणून शाळाच पाड्याच्या अंगणात गेली. गुराख्यांसाठी तर कुरणशाळा निघाली. जिथे गुरे, तिथे शाळा! लाकडी ठोकळ्यांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने, फुले आली.

हे केवळ काटकसरीचे काम नव्हते, असे मला वाटते. गुलाबी मनोरा मुलाच्या घरी कधीच नसतो. पान मात्र त्याच्या ओळखीचे असते. ते कुठल्या झाडाचे, ते झाड कुणाच्या बांधावर, तिथे कोणता पक्षी बसतो, हे बाईंपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक. म्हणजे इथे सांगणारा तो आणि ऐकणाऱ्या आपण. शिवाय बीचे काम ठरलेले नसते. ती घटकेत बैल होते, घटकेत नवरी. हातात असे काही आले की लाजरे मूलही बोलू लागते, कारण डोळे आपल्याकडे नसून त्या बीकडे असतात. आणि ते बोलते आपल्या घरच्या बोलीत.

देशात 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांपासून सुरू झाली. तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव गावोगाव पोचले, पण त्यातले अंगण किती पोचले, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

पुढे मी वर्गात एक नेम केला. आठवड्यातून एकदा मुलांना घेऊन झाडाखाली जायचे. प्रत्येकाने हवे ते वेचायचे, त्याचे काहीतरी करायचे. फणसाच्या पानाचा बैल, नारळाच्या पातीची भिंगरी, नाहीतर नुसता काड्यांचा गोठा. मग मी एवढेच विचारायचे, ‘‘हे कोण? आणि मग काय झालं?’’ मध्ये बोलायचे नाही, शब्द दुरुस्त करायचे नाहीत. शुद्ध भाषा नंतर येतेच; बोलण्याची उमेद एकदा गेली की ती परत आणणे अवघड. आजी-आजोबांनीही घरी हे करून पाहावे. फक्त अगदी लहानग्यांच्या हाती चिंचोके, बिया देऊ नयेत. ती तोंडात घालतात. त्यांना मोठी पाने पुरतात.

ती मुलगी आता चाळिशीच्या पुढची असेल. तिची वरात मांडवापर्यंत पोचली का, हे विचारायचे माझे राहूनच गेले.