तृष्णा, तृप्ती आणि पंडिता रमाबाई

ययातीची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. पुत्राचे तारुण्य उसने घेऊन त्याने सहस्र वर्षे सुखोपभोग घेतला आणि अखेरीस त्यास कळून चुकले की, उपभोगाने वासना शमत नाही. आपल्या संतांनी या रोगावर समाधानाचे औषध सांगितले. ख्रिस्ती परंपरेनेही या प्रश्नाचा सखोल विचार केला आहे. मराठी भाषेत आणि मराठी माणसांच्या आयुष्यात त्या विचारास जे रूप आले, त्याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

बायबलमधील संत पौलाचे फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र या संदर्भात महत्त्वाचे आहे. पौल तेव्हा बंदिवासात होता. फिलिप्पै येथील मंडळींनी पाठविलेल्या मदतीबद्दल आभार मानताना तो म्हणतो की, विपुलता असो वा टंचाई, असेल त्या स्थितीत तृप्त राहावयास मी शिकलो आहे. यातील ‘शिकलो’ ही क्रिया लक्षात घेण्याजोगी आहे. समाधान हा स्वभावगुण नसून तो अभ्यासाने साध्य होतो, असे त्यातून सूचित होते. पण त्याच पत्रात थोडे आधी तो असेही सांगतो की, आपण अद्याप ध्येयाप्रत पोहोचलेलो नाही आणि म्हणून पुढे धावतच आहोत. एकाच पत्रात तृप्ती आणि ओढ अशी एकत्र नांदते. हा विरोध वरवरचा आहे काय, याचे उत्तर ग्रंथांपेक्षा एखाद्या चरित्रातच शोधलेले बरे.

असे चरित्र पंडिता रमाबाईंचे आहे, आणि ते आपणांस अनेक अर्थांनी जवळचे आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातील. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना विरोध सोसावा लागला. सह्याद्रीच्या अरण्यात गंगामूळ येथे त्यांनी आश्रम वसविला आणि तेथेच १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या आतिथ्यात संपत्ती सरली आणि रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना कुटुंबाने आश्रम सोडला. पुढची वर्षे तीर्थाटनात आणि पुराणकथनात गेली. १८७०च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले, मागोमाग थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ वारला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

भूक म्हणजे काय हे ज्यांनी स्वतः अनुभवले, त्यांनी समाधानाची भाषा करावी, यास निराळे वजन आहे. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन स्थापिले. अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षे आर्थिक साह्य करण्याची हमी दिली होती, ती मुदत १८९८ मध्ये संपली. तत्पूर्वीच, १८९६–९७ च्या दुष्काळात, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे स्त्रिया व मुली घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९००च्या सुमारास तेथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. शेती, विणकाम, छपाई, तेलघाणा असे नाना उद्योग तेथे चालत. १९०७ मध्ये त्यांनी आपली जीवनसाक्ष प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकात त्यांनी आपल्या श्रद्धेस कधीही न सरणारा ठेवा म्हटले आहे.

स्वतःपुरते पाहिल्यास रमाबाईंच्या गरजा अत्यल्प होत्या. साधे पांढरे लुगडे हाच त्यांचा वेष. परंतु इतरांसाठी त्यांची मागणी कधी थांबली नाही. दुष्काळात सापडलेल्या मुलीला “आहे त्यात समाधान मान” असे त्यांनी सांगितले नाही, तिला गाडीत बसवून घरी आणले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्याचे काम त्या शेवटपर्यंत करीत राहिल्या. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी त्या स्वतः निवर्तल्या, आणि ते भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी निराळी वाट धरली. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून ‘देवाचा दरबार’ मांडला. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. मात्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना ध्यानात येते की, टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे आणि त्याचा भार लक्ष्मीबाईंना वाहावा लागे. एकाच्या निःसंगतेचा हिशेब दुसऱ्याला जुळवावा लागतो. लक्ष्मीबाईंनी तो हसतखेळत जुळविला. पौलाने सांगितलेली तृप्ती स्वयंपाकघरात शिकली ती त्यांनीच, असे मला वाटते.

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. समाधान हे स्वतःला सांगावयाचे असते, ते दुसऱ्याला सांगू लागताच त्याची जात बदलते. आपल्या जोयडा तालुक्यात तरी हे विसरता येणार नाही. काळी नदीवर धरण झाले, सुपा गाव जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. त्या पाण्यावर नागझरी येथे होणारी वीज दूरदूरच्या शहरांची हौस भागविते, आणि ती हौस काही केल्या पुरी होत नाही. ज्यांची घरे व शेते त्या पाण्याखाली गेली त्यांना अल्पसंतुष्टतेचा उपदेश करण्याचा अधिकार दिव्याखाली बसणाऱ्यांना नाही.

निवृत्तिवेतनातील वाढ आणि थकबाकी यांचे गणित आम्ही सेवानिवृत्त मंडळी मोठ्या आवडीने करतो. त्यात गैर काही नाही. परंतु ते करताना स्वतःस किती पुरे आणि शेजाऱ्यास अद्याप किती अपुरे, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडावेत. गंगामूळच्या अरण्यात जन्मलेल्या त्या विदुषीने आयुष्यभर हेच केले.