अटीवरची बेरीज

शाखावार विक्रीचा तक्ता हवा आहे आणि प्रत्येक शाखेच्या नावापुढे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे महिन्यांचे रकाने हवे आहेत. डेटाबेसवर काम करणारा माणूस आज यासाठी प्रत्येक महिन्याची एक ओळ हातासरशी लिहून मोकळा होतो: सम (केस व्हेन महिना = ३ देन रक्कम एल्स ० एंड). शेवटी ग्रुप बाय शाखा. नोंद मार्चची असेल तर तिची रक्कम धर, नसेल तर शून्य धर आणि शाखेगणिक बेरीज कर, एवढाच तिचा अर्थ. ही ओळ आता अंगवळणी पडली आहे, पण तिचे कूळ शोधत मागे गेले की संगणकाच्याही आधीच्या काळात जाऊन पोहोचावे लागते.

अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेचे तक्ते हाताने लावायला कित्येक वर्षे लागली. तिथल्या आकडेवारीच्या कामाशी संबंध असलेले डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांनी यासाठी यंत्र असायला हवे अशी कल्पना मांडली आणि हर्मन हॉलरिथ या तरुण इंजिनिअरने ती मनावर घेतली. १८८९ साली त्याला पेटंट मिळाले आणि १८९० च्या जनगणनेत त्याची यंत्रे कामाला लागली. माणशी एक कार्ड. लिंग, वर्ण, वय, जन्मस्थान अशा माहितीसाठी ठरलेल्या जागी भोके. कार्ड दाबयंत्राखाली ठेवून दांडा ओढला की स्प्रिंगवरच्या सुया खाली येत. भोक असेल तिथली सुई आरपार जाऊन खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, विद्युतमंडल पूर्ण होई आणि समोरच्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरके. अशा ४० तबकड्या एका यंत्रावर होत्या.

यातली खरी करामत रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचची. ‘पुरुष’ आणि ‘परदेशात जन्मलेला’ या दोन भोकांच्या तारा रिलेमधून अशा जोडता येत, की दोन्ही भोके असतील तरच एका विशिष्ट तबकडीचा काटा हलावा. म्हणजे अट तारांमध्ये बांधलेली आणि बेरीज तबकडीवर. कार्ड यंत्रातून एकदाच जाई आणि त्या एकाच फेरीत ज्या ज्या अटी त्याला लागू असतील त्या साऱ्यांची मोजणी पुढे सरके. शेजारी खणांची पेटी असे. अट जुळली की ठरलेल्या खणाचे झाकण उघडे आणि ते कार्ड त्यात टाकायचे. गट पाडणे आणि अटीने मोजणे ही दोन्ही कामे १८९० सालीच एका टेबलावर नांदत होती.

हॉलरिथची कंपनी १९११ साली इतर कंपन्यांबरोबर विलीन झाली आणि त्या संयुक्त कंपनीने १९२४ साली आयबीएम हे नाव घेतले. याच आयबीएमच्या सॅन होजे इथल्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलवरचा, म्हणजे माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याच्या पद्धतीवरचा, त्यांचा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्या विचारावर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल ही भाषा रचली. तिचा निबंध १९७४ चा. त्याच वर्षी बॉइस अगदी तरुणपणी वारले. प्रोग्रॅमर नसलेल्या माणसालाही विदेला प्रश्न विचारता यावा, ही दोघांची तळमळ होती आणि भाषेच्या साधेपणात ती दिसते. नावाच्या ट्रेडमार्कची अडचण आली म्हणून सीक्वेलचे पुढे एसक्यूएल झाले.

या नव्या भाषेत ग्रुप बाय होते, सम आणि काउंट होते, पण हॉलरिथच्या रिलेला जागाच नव्हती. अट दोनच ठिकाणी लावता येई. गट पडण्याआधी वेअरमध्ये आणि गट पडल्यानंतर हॅविंगमध्ये. दोन्हीकडे तिचे काम एकच: ठेवायचे की टाकायचे. ‘राहू दे, पण या रकान्यात मोजू नकोस’ असे सांगण्याची सोय नव्हती. मला ही उणीव फार मोठी वाटते. लसीकरणाच्या नोंदींवर ‘वेअर महिना = ३’ लावले, की मार्चमध्ये जिथे एकही लस दिली गेली नाही ते गाव तक्त्यातून गळते. ज्या गावाकडे सर्वांत आधी लक्ष जायला हवे, तेच दिसेनासे होते. अट बेरजेच्या आत असेल, तर त्या गावाची इतर कुठल्याही महिन्याची नोंद असली तरी ते तक्त्यात राहते आणि मार्चच्या रकान्यात शून्य घेऊन उभे असते.

खरे तर अटीकडे मूल्य म्हणून पाहण्याचा विचार तोवर जुना झाला होता. जॉन मॅकार्थी १९५७-५८ च्या सुमारास फोरट्रानमध्ये बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहीत होते. तिथले इफ त्यांना अडचणीचे वाटले, म्हणून त्यांनी एक फंक्शन केले: अट खरी तर हे मूल्य दे, नाहीतर ते. त्यातूनच लिस्पमधली अटीची राशी आली आणि अल्गोल ६० मध्येही अशी राशी होती. एसक्यूएलला मात्र १९८६ साली पहिले प्रमाणरूप मिळाले तेव्हाही त्यात केस नव्हते.

मग लोकांनी आपापल्या वाटा काढल्या. ओरॅकल हा डेटाबेस वापरणाऱ्यांकडे अशा अटीसाठी डीकोड हे फंक्शन होते. सायबेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांकडे तेही नव्हते, तेव्हा त्यांनी अट निव्वळ अंकगणितात बसवली: रक्कम गुणिले (१ − अ‍ॅब्स (साइन (महिना − ३))). महिना ३ असेल तर वजाबाकी शून्य, तिचे चिन्ह शून्य, १ मधून शून्य गेले की उरला १. रक्कम जशीच्या तशी बेरजेत गेली. महिना ५ असेल तर चिन्ह १, महिना १ असेल तर चिन्ह उणे १. अ‍ॅब्सने दोन्हींचा १ केला, १ मधून १ गेला, रक्कम शून्याने गुणली गेली. इफ नाही, केस नाही, तरी अट पाळली गेली. डेव्हिड रोझेनश्टाइन, अनातोली अब्रामोविच आणि युजीन बिर्गर यांनी १९९५ च्या ‘ऑप्टिमायझिंग ट्रान्झॅक्ट-एसक्यूएल’ या पुस्तकात हे तंत्र पद्धतशीर मांडले आणि त्याला गणितातले कॅरॅक्टरिस्टिक फंक्शन हे नाव लावले. फायदा रोकडा होता. बारा महिन्यांसाठी बारा वेळा टेबल चाळण्याऐवजी एकदाच चाळायचे. जुन्या अहवालांच्या कोडमध्ये अशी ओळ अजूनही भेटते आणि ती लिहिणाऱ्याबद्दल मला आदरच वाटतो.

केस एसक्यूएल-९२ मध्ये अधिकृत झाले, पण सगळ्यांपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागला. ओरॅकलमध्ये ते ८आय मालिकेत आले. केस आल्यावर कंस कमी झाले आणि नवी चूक रुळली. काउंट (केस व्हेन महिना = ३ देन १ एल्स ० एंड) असे लिहिले की उत्तर नेहमी गटातल्या एकूण नोंदींइतकेच येते, कारण काउंट नल, म्हणजे मूल्यच नसलेली जागा, सोडून सगळे मोजतो आणि शून्य म्हणजे नल नव्हे. तिथे एल्स गाळायचा, म्हणजे अट न जुळणाऱ्या नोंदीला आपोआप नल मिळते. सरासरीचेही तसेच. अ‍ॅव्हरेजमध्ये एल्स ० ठेवले तर मार्चच्या सरासरीत बाकी अकरा महिन्यांची शून्ये शिरतात आणि आकडा मुकाट्याने घसरतो. बेरजेत निरुपद्रवी असलेले शून्य सरासरीत खोटे बोलते. क्वेरी मात्र कुठलीही तक्रार न करता चालते.

एसक्यूएल:२००३ ने यावर स्वच्छ उपाय दिला. अ‍ॅव्हरेज (रक्कम) फिल्टर (वेअर महिना = ३) असे लिहायचे, शून्य आणि नल यांचा विचारच करायचा नाही. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ९.४ आवृत्तीबरोबर २०१४ च्या डिसेंबरात आली, एसक्यूलाइटमध्ये २०१९ साली. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये पिव्हट हा वेगळा शब्द आणला आणि महिन्यांचे रकाने एका फटक्यात मिळू लागले. त्या पिव्हटचा एक्झिक्यूशन प्लॅन, म्हणजे क्वेरी प्रत्यक्षात कशी चालते त्याचा आराखडा, उघडून पाहावा: प्रत्येक रकान्यासाठी तिथे सम आणि त्याच्या पोटात केस व्हेन लिहिलेले दिसते.