घोडा गेला, नाव राहिलं

मुंबईच्या काळा घोडा फेस्टिवलला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे फोटो असतात. त्या घोड्याची गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या वीकेंडला तीच सांगतो.

मूळ पुतळा ब्रिटिश युवराजाचा, पुढे जो सातवा एडवर्ड झाला त्याचा. अल्बर्ट ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने तो जोसेफ बोएमकडून करवून घेतला आणि १८७९ मध्ये तो चौकात उभा राहिला. गंमत बघा, वर बसलाय कोण हे लोकांनी मनावरच घेतलं नाही. ब्राँझचा घोडा काळा दिसायचा. झालं, चौक काळा घोडा! १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याला राणीच्या बागेत हलवला. राजा गेला, घोडाही गेला, नाव जागचं हललं नाही. आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारचं असंच आहे. समृद्धी महामार्गावरून सुसाट जाणाऱ्याला तो रस्त्यालगतचा एक बोर्ड असेल, पण नावात बाजार आहेच. लोक कशाला जमायचे हे नाव विसरू देत नाही.

काळा घोड्यालाही लोक जमायचे. प्रश्न एवढाच, की कोणते लोक?

१८६० च्या दशकात फोर्टचा तट पाडला गेला. इथल्या ‘रॅम्पार्ट रो’ या नावात तो तट अजून आहे. मोकळ्या झालेल्या जागेत एकेक इमारत उभी राहिली. डेव्हिड ससून लायब्ररीची १८७० ची. ७ जुलै १८९६ ला इथल्याच वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. पॅरिसमधल्या खेळानंतर जेमतेम सहा महिन्यांत! तिकीट एक रुपया. म्हणजे नवी कला मुंबईत लगेच पोचली, पण ज्याच्या खिशात तेव्हाचा एक रुपया होता त्याच्यासाठी. १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी झाली. तिथे तिकीट नाही, तरी दारातून आत शिरायला आपल्यातले कितीतरी जण बिचकतात.

१९९८ मध्ये काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ मध्ये तिने पहिला फेस्टिवल भरवला. कल्पना साधीच: कला रस्त्यावर आणायची. जानेवारीअखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस नाच, गाणं, नाटक, सिनेमा, पुस्तकं, मुलांच्या कार्यशाळा, हेरिटेज वॉक, सगळं फुकट. असोसिएशन परिसरातल्या जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीलाही हात लावते. १८८४ चं निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग असंच नीट होऊन २०१९ मध्ये पुन्हा उघडलं.

‘आता ती नुसती सेल्फीची जत्रा झालीये’ अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. असू दे की जत्रा! गावाकडे पाळण्यात बसायला गेलेला पोरगा जाता जाता कीर्तनही ऐकून येतो. रॅम्पार्ट रोवर फोटोसाठी आलेला एखादा जण ससून लायब्ररीच्या बागेत कुणाचं तरी बोलणं ऐकत थांबतो. तिकीट असतं तर तो आलाच नसता.

२०१७ मध्ये चौकात नवा घोडा बसवला. यावेळी पाठीवर कुणीच नाही. पुढच्या फेस्टिवलला गेलात तर शनिवारी सकाळी लवकर जा, गर्दी व्हायच्या आत. आधी हा घोडा बघा, मग मान वर करून आजूबाजूच्या इमारती बघा. स्टॉल्स काय, दिवसभर असतातच.