एकधर्मीयांचे वेगळेपण : लोझान ते काळाराम

कुर्दांच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा सीमा आणि तेल यांभोवती फिरते. आम्हांस मात्र त्या इतिहासातील एका शब्दाचे कोडे अधिक महत्त्वाचे वाटते. १९२० च्या सेव्हर तहाने कुर्दांना स्वायत्ततेचे आश्वासन दिले होते. १९२३ च्या लोझान तहात त्याचा मागमूसही उरला नाही. तुर्कस्तानातील अल्पसंख्याकांना या नव्या तहाने संरक्षण दिले खरे, पण तेथे अल्पसंख्याक म्हणजे मुस्लिमेतर. कुर्द बहुतांशी मुसलमान. सबब त्यांचे वेगळेपण तहाच्या लेखी नव्हतेच. जो धर्माने आपला, त्याला निराळे हक्क कशाला?

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिराच्या चार दरवाजांपाशी तो उभा राहिला होता. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजारांची मिरवणूक मंदिराकडे निघाली. (दांडीयात्रा निघायला अजून दहा दिवस होते, हा क्रम आपण सहसा ध्यानात ठेवीत नाही.) दरवाजे बंद. दुसऱ्या दिवशी १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी दारांशी बसली. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव गायकवाड, म्हणजे पुढचे दादासाहेब. ९ एप्रिलला रामाचा रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढावा, अशी तडजोड ठरली. पण सत्याग्रही दोराला हात लावण्यापूर्वीच रथ पुढे नेण्यात आला आणि दगडफेक झाली. ज्यांना हिंदू म्हणून मोजायचे, त्यांच्या हाती दोर मात्र द्यायचा नाही, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आंबेडकर लंडनच्या गोलमेज परिषदेत होते. १९३१ च्या दुसऱ्या परिषदेत गांधीजींनी मुसलमान आणि शिखांचे वेगळे प्रतिनिधित्व मान्य केले, अस्पृश्यांचे नाही. ते हिंदूच आहेत, ही त्यांची भूमिका. गांधीजींची तळमळ आम्ही नाकारीत नाही. पण त्यांच्या युक्तिवादाचा आकार लोझानच्या युक्तिवादाशी जुळतो, हे म्हणावेच लागते. १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले. जातीय निवाड्यातील ७१ राखीव जागांच्या ठिकाणी १४८ आल्या.

साम्य येथेच संपते. कुर्दांना, चार राज्यांत विभागलेला का असेना, सलग मुलूख आहे. अस्पृश्यांचा मुलूख कोणता? प्रत्येक गावाची वेस. त्यांना नकाशावर रेघ ओढून मागता येण्याजोगे काही नव्हते. म्हणून त्यांची मागणी विधिमंडळातील जागेची, पाणवठ्याची, दाराची. आणि दाराची मागणीसुद्धा मूर्तीसाठी नव्हे. मार्च १९३४ मध्ये गायकवाडांना सत्याग्रह थांबविण्याचा सल्ला देताना आंबेडकरांनी हे स्पष्ट लिहिले : समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, म्हणून तो मार्ग होता.

पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातीलच येवल्याला त्यांनी घोषणा केली की, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. एकधर्मीयत्व हेच जर हक्क नाकारण्याचे कारण, तर ते कारणच काढून टाकण्याची मोकळीक त्यांना होती. कुर्दांना ती नव्हती.