विरोधकाची साक्ष

इ. स. ३६२. रोमन सम्राट ज्युलियन हा गलातिया प्रांताच्या, म्हणजे आजच्या अंकारा परिसराच्या, मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहितो. ख्रिस्ती संस्कारांत वाढलेला हा सम्राट जुन्या देवतांच्या उपासनेला पुन्हा वैभव मिळवून देऊ पाहत होता. पत्रातील त्याची तक्रार विलक्षण आहे. ज्यूंमध्ये कोणावर भीक मागण्याची वेळ येत नाही. ज्यांना तो तुच्छतेने ‘गॅलिलीकर’ म्हणतो ते ख्रिस्ती स्वतःच्या गरिबांबरोबर आपलेही गरीब पोसतात. आणि आपल्या माणसांना मात्र आपल्याकडूनच मदत मिळत नाही, याची त्याला लाज वाटते.

तो तक्रारीवर थांबला नाही. प्रत्येक नगरात धर्मशाळा उभारण्याचा आदेश त्याने दिला आणि गलातियासाठी दरवर्षी ३०,००० मापे गहू व ६०,००० मापे मद्य मंजूर केले. त्यातील एक पंचमांश पुजाऱ्यांची सेवा करणाऱ्या गरिबांसाठी, उरलेले वाटसरू आणि भिकाऱ्यांसाठी. या पत्राच्या अस्सलपणाविषयी काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे. परंतु हीच खंत ज्युलियनने एका पुजाऱ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातही आढळते.

रोमन जगात दातृत्व नव्हते असे नाही. श्रीमंत लोक स्वखर्चाने स्नानगृहे आणि नाट्यगृहे बांधत, खेळ भरवत, आणि त्यांचे नाव दगडावर कोरले जाई. रोममध्ये धान्य फुकट वाटले जाई, पण ते यादीत नाव असलेल्या नागरिकाला. भुकेला असणे हा त्यासाठी निकष नव्हता. दान नगराला होते. गरिबाला गरीब म्हणून त्यात जागा नव्हती. इतिहासकार पीटर ब्राऊन यांनी हा फरक विशेष ठळकपणे मांडला आहे.

ख्रिस्ती समाजाने ही जागा ज्यू परंपरेकडून घेतली आणि तिला नवा आधार दिला: भुकेल्याला, परक्याला, तुरुंगातल्याला जे दिले ते प्रत्यक्ष ख्रिस्ताला पोहोचले, अशी मत्तयच्या शुभवर्तमानातील शिकवण. ही शिकवण रोजच्या व्यवहारात कशी उतरली, हे दुसऱ्या शतकातील हर्मासच्या ग्रंथात दिसते. उपवासाच्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यावे, वाचलेल्या अन्नाची किंमत मोजावी आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी, असे तो सांगतो. उपवासाचा असा रोकडा हिशेब क्वचितच कोणी मांडला असेल. उत्तर आफ्रिकेतील तर्तुलियन इ. स. १९७ च्या सुमारास मंडळीच्या सामाईक पेटीचे वर्णन करतो: महिन्यातून एकदा, ऐपतीप्रमाणे, सक्ती नाही. या थेंबांचे तळे केवढे झाले होते? तिसऱ्या शतकाच्या मध्यावर रोमचा बिशप कॉर्नेलियस लिहितो की तेथील मंडळी १,५०० हून अधिक विधवा आणि गरजूंचा सांभाळ करते.

ज्युलियनला मात्र या औदार्यामागे डाव दिसत होता. लहान मुलांना खाऊ दाखवून जहाजापर्यंत न्यायचे आणि मग गुलाम म्हणून विकायचे, तसाच हा प्रकार, असे तो म्हणतो. मराठी वाचकाला हा संशय अनोळखी नाही. १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावरून पुण्यात उठलेले वादळ आठवावे. संशय अगदीच निराधार होता असेही म्हणता येत नाही. दानामुळे बिशपांचे वजन वाढले, आणि दानाने पापक्षालन होते अशी शिकवण असल्याने देणाऱ्याचाही त्यात लाभ होता.

तरीही कार्थेजचे उदाहरण या चौकटीत बसत नाही. २५० मध्ये सम्राट डेशियसच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. पाठोपाठ भीषण साथ आली. लोक आपल्याच आजारी माणसांना रस्त्यावर टाकू लागले. तेव्हा बिशप सिप्रियनने आपल्या अनुयायांना बजावले, की केवळ आपल्यांची सेवा करण्यात विशेष काही नाही. ज्यांनी छळले त्यांचीही करा. त्याचा चरित्रकार पोंतियस ही हकीकत सांगतो. तो सिप्रियनचा भक्त होता, हे ध्यानात ठेवूनच ती वाचावी. पण साथीच्या दिवसांत आजाऱ्याजवळ बसणाऱ्याचा हिशेब खाऊच्या उपमेत मावत नाही.

ज्युलियन ३६३ मध्ये पर्शियाच्या मोहिमेत मारला गेला आणि त्याची योजना त्याच्याबरोबरच संपली. पाच-सहा वर्षांतच शेजारच्या कॅपाडोशियात दुष्काळ पडला. सीझेरियाच्या बेसिलने धान्य दाबून ठेवणाऱ्या धनिकांना प्रवचनांतून धारेवर धरले आणि भुकेल्यांना स्वतः अन्न वाढले. पुढे बिशप झाल्यावर त्याने नगराबाहेर वाटसरू, रुग्ण आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी वास्तू उभारल्या. त्यावरून प्रांताच्या अधिकाऱ्याकडे, एलियासकडे, त्याच्याविरुद्ध कागाळ्या गेल्या. उत्तरादाखल बेसिलने लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. परक्यांसाठी निवारा आणि आजाऱ्यांसाठी सोय केल्याने कोणाचे काय नुकसान झाले, असे तो विचारतो, आणि तेथे काय काय लागते ते मोजून दाखवतो: परिचारक, वैद्य, ओझ्याची जनावरे, वाटाडे.