केमोथेरपीनंतरची उलटी आणि एनके-१ रिसेप्टर

"केमोच्या दिवशी काहीच त्रास झाला नाही, म्हणून पुढच्या दोन कॅप्सूल दिल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र पाणीही पोटात ठरेना." रुग्णाच्या घरच्यांकडून असे अनेकदा ऐकायला मिळते. पहिला दिवस चांगला गेला तरी त्या कॅप्सूल का लागतात, हे समजून घेऊ.

एनके-१ रिसेप्टर म्हणजे काय?

आपल्या नसा एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. त्यांपैकी काही निरोप छोट्या प्रथिनांच्या, म्हणजे न्यूरोपेप्टाइडच्या रूपात असतात. 'सबस्टन्स पी' हे असेच एक न्यूरोपेप्टाइड. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी १९३१ मध्ये घोड्याच्या मेंदूच्या व आतड्याच्या अर्कातील या द्रव्याची नोंद केली. पेशीवरच्या ज्या ग्राहीवर हे द्रव्य मुख्यतः काम करते, तो एनके-१ रिसेप्टर.

वेदनेचा संदेश पुढे नेणे, सूज आणि खाज यांत त्याचा सहभाग असतो. उलटी घडवून आणणाऱ्या मेंदूच्या भागातही तो असतो.

उलटी दोन टप्प्यांत का होते?

पहिला टप्पा केमोनंतरच्या २४ तासांतला. औषधामुळे आतड्यातील पेशींमधून सेरोटोनिन बाहेर पडते. या टप्प्यावर ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधे चांगला परिणाम करतात.

दुसरा टप्पा २४ तासांनंतर सुरू होतो आणि साधारण पाचव्या दिवसापर्यंत राहू शकतो. त्यात सबस्टन्स पी आणि एनके-१ रिसेप्टर यांचा वाटा मोठा असतो. सिस्प्लॅटिन या औषधानंतर हा त्रास बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो. म्हणून पहिला दिवस बरा गेला म्हणजे धोका टळला, असे समजू नये.

औषध काय करते?

अ‍ॅप्रेपिटंट हे औषध एनके-१ रिसेप्टर अडवून धरते. नेहमीच्या पद्धतीत केमोच्या एक तास आधी १२५ मिलिग्रॅम आणि पुढचे दोन दिवस रोज ८० मिलिग्रॅमची कॅप्सूल देतात. हे औषध उलटी होऊ नये म्हणून आहे. सुरू झालेली उलटी थांबवण्यासाठी नाही. काही रुग्णांना याच गटातील औषध एकाच मात्रेत दिले जाते. त्यामुळे आपल्या चिठ्ठीवर जे लिहिले आहे तेच पाळावे.

हे डॉक्टरांना आधीच सांगा

• वॉरफॅरिन चालू असल्यास: त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. आयएनआर तपासणी लागते.
• गर्भनिरोधक गोळ्या घेत असल्यास: औषध चालू असताना व नंतर महिनाभर त्यांच्यावर विसंबू नये. दुसरा उपाय वापरावा.
• मधुमेह असल्यास: सोबत दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनने साखर वाढू शकते.

डेक्सामेथासोनची मात्रा अ‍ॅप्रेपिटंट लक्षात घेऊन ठरवलेली असते. ती आपल्या मनाने बदलू नका. थकवा, उचकी, बद्धकोष्ठता हे त्रास होऊ शकतात.

इतर आजारांत उपयोग?

हा रिसेप्टर अडवल्यास नैराश्य कमी होईल अशी आशा होती. पण मोठ्या चाचण्यांत ती खरी ठरली नाही. वेदनाशामक म्हणूनही अशी औषधे अपयशी ठरली. उलटी टाळण्यात मात्र त्यांनी आपली जागा पक्की केली आहे.

लगेच रुग्णालयात कधी जावे?

ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त असेल, पाणीही पोटात राहत नसेल, लघवी फार कमी झाली असेल, चक्कर येत असेल किंवा उलटीत रक्त दिसले, तर सकाळची वाट पाहू नका. केमोनंतरचा ताप घरी अंगावर काढण्याचा नसतो.

कॅप्सूलचा खर्च परवडत नसेल तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा. पर्याय सुचवता येतात. न सांगता औषध बंद करू नका.