सरकारचा खरेदीदार एकच : स्वस्ताई कुणाची, नुकसान कुणाचं?

आजवर या मालिकेत आपण लढायांबद्दल बरंच बोललो. आज बोलू कागद-पेन्सिलीबद्दल.

नोकरीत असताना एका दूरच्या छावणीत मी काही काळ क्वार्टरमास्टर होतो. जवळच्या बाजारातला एक दुकानदार आम्हाला कागद, शाई, रजिस्टरं पुरवायचा. मग वरून हुकूम आला की हा माल केंद्रीय रेट कॉन्ट्रॅक्टवरूनच घ्यायचा. दर कमी झाला, हे खरं. पण माल यायला तीन महिने लागले, आणि तोवर त्या दुकानदाराने आमच्यासाठी माल ठेवणं बंद केलं होतं. अडीअडचणीला धावून येणारा माणूस आम्ही गमावला.

हाच प्रश्न अमेरिकेच्या केंद्र सरकारला शंभरहून अधिक वर्षं छळतो आहे. १९१० मध्ये तिथे सामाईक वस्तूंचे दर ठरवायला एक पुरवठा समिती नेमली गेली. १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी अर्थखात्यात स्वतंत्र खरेदी विभाग काढला. महायुद्धानंतर माजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या आयोगाने सरकारी कारभारातला पसारा तपासला, आणि १ जुलै १९४९ रोजी ‘जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे जीएसए, उभी राहिली. इमारती, सामान, खरेदी, सगळं एका छत्राखाली.

कंत्राटदाराच्या बाजूने बघा. पूर्वी प्रत्येक खात्याचं दार वेगळं ठोठवावं लागे. आता जीएसएच्या दरयादीत नाव लागलं की सगळ्या खात्यांचा रस्ता खुला. मात्र यादीत नाव म्हणजे ऑर्डर नव्हे. कागदपत्रं, दरांची घासाघीस, हिशेबांची तपासणी हा खर्च आधी करायचा आणि मग गिऱ्हाईक शोधत फिरायचं. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात. छोट्याकडे मालक स्वतःच असतो.

केंद्रीकरण अति झालं की काय होतं, तेही तिथेच दिसलं. १९६५ च्या ब्रूक्स कायद्याने संगणक खरेदीचा अधिकार जीएसएकडे गेला. संगणक झपाट्याने बदलत होते आणि मंजुरी मात्र रेंगाळत होती. शेवटी १९९६ मध्ये तो कायदा रद्द करून अधिकार खात्यांना परत दिले.

तरी एकत्र खरेदीचा मोह सुटला नाही. २०१० मध्ये कार्यालयीन सामानासाठी देशभरातून फक्त १५ पुरवठादार निवडले गेले. त्यातले बहुतेक छोटे उद्योगच होते, त्यामुळे कागदावर सगळं ठीक दिसत होतं. पण जे बाहेर राहिले त्यांचं सरकारी गिऱ्हाईक आटलं, आणि त्यांच्या तक्रारी संसदेपर्यंत गेल्या. पुढच्या दशकात छोट्या उद्योगांना मिळणारी रक्कम वाढली, पण कंत्राट मिळवणाऱ्या छोट्या उद्योगांची संख्या घटली. टक्केवारीच्या आड हे लपून जातं. २०२१ च्या अखेरीस सरकारने स्वतःच हे मान्य करून नियम सैल केले.

आणि मार्च २०२५ मध्ये लंबक पुन्हा फिरला. सामाईक वस्तू आणि सेवांवर दरवर्षी सुमारे ४९० अब्ज डॉलर खर्च होतात, ती खरेदी जीएसएकडे एकवटावी असा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला.

आपल्याकडे उलट वाटेने प्रयोग झाला. रेट कॉन्ट्रॅक्ट करणारं पुरवठा महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झालं आणि त्याची जागा २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ पोर्टलने घेतली. बाजार एकच, पण खरेदी ज्याच्या त्याच्या खात्याची. इंदूर, बेळगाव किंवा बडोद्यातला आपला एखादा लघुउद्योजक घरबसल्या तिथे नोंदणी करू शकतो. अर्थात सगळ्यात कमी दराची कुस्ती तिथेही आहेच.

फौजेत आम्ही रसदीची एकच वाट कधी ठेवत नसू. पूल तुटला तर दुसरा रस्ता हवा. एकत्र खरेदीने पैसा वाचतो आणि तो करदात्याचाच असतो, म्हणून तिला सरसकट विरोध नको. पण वाचलेले रुपये मोजताना बंद पडलेली दुकानंही मोजली पाहिजेत. युद्ध असो की महामारी, संकट आलं की सरकार त्यांच्याच दारी जातं. तेव्हा ते दार उघडं असायला हवं.

जय हिंद.